संध्याकाळची पुडी

इंटरनॅशनल सिटी, दुबई
१४ जानेवारी २०२५

शहनाझ आपा,

अस्सलामु अलैकुम. हे पत्र निडोच्या डब्यात दूधपावडरीच्या पिशवीखाली आहे, म्हणजे डबा तू एकटी असताना उघडलास असं धरून चालतो. फोनवर हे बोलता येत नाही. तू स्पीकर लावतेस आणि मग तुझ्या सुनेपासून शेजारच्या झुबेदाखालापर्यंत सगळ्यांना माझं आतडं पाठ होतं. खालाचा मुलगा मुश्ताक महिन्या-दीड महिन्याला सामानाची खेप करतो तोवर पत्रच बरं.

डिसेंबरात माझी तिसरी दुर्बीण झाली. आतड्यात पुन्हा पाच पॉलिप, त्याच गाठी. काढले. डॉक्टर म्हणाले, आज साधे आहेत, पण राहू दिले तर हेच पुढे बिघडतात. म्हणजे काढायचे, वाट बघायची, पुन्हा काढायचे. अब्बा गेले तेव्हा एक्कावन्नचे होते. मी सेहेचाळीसचा आहे. ड्रॅगन मार्टच्या गोदामात दिवे मोजताना मधेच हा हिशेब डोक्यात येतो आणि मोजणी चुकते.

आता चांगली बातमी. इथल्या एका हॉस्पिटलात चिनी जडीबुटीचं औषध तपासताहेत. काढलेले पॉलिप परत उगवू नयेत म्हणून. मी नाव दिलं आणि मला घेतलं. बाहेर असलं काही घ्यायचं तर महिन्याला सहाशे दिरहम, म्हणजे आपले चौदा हजार, इथे फुकट. कोऑर्डिनेटर अनन्या म्हणून आहे, आपल्या सांगलीची, मराठीत समजावते. सकाळी एक पुडी, संध्याकाळी एक, कोमट पाण्यातून, सहा महिने. रिकाम्या पुड्या परत न्यायच्या, त्या मोजून घेतात.

सकाळची मी घेतो. संध्याकाळची तुझी. सोबत तीस पुड्या आहेत. अब्बा कुवेतहून एक चॉकलेट आणायचे ते सुरीनं मधोमध कापायचे आणि लहान तुकडा कुणाला गेला म्हणून आपण भांडायचो, आठवतं? पॉलिप आपल्या दोघांनाच मिळालेत, तर औषधही दोघांचं. फक्त रिकाम्या पुड्या मुश्ताकच्या हाती नक्की परत पाठव, नाहीतर माझी चोरी पकडली जाईल.

आणि हे दुर्बिणीच्या ऐवजी नाही. तुझे तीन काढले त्याला दोन वर्षं होतील. मुंबईच्या डॉक्टरांनी एप्रिल सांगितलाय, तो चुकवू नकोस. अब्बा शेवटच्या वर्षी स्वतःची लुंगी स्वतः धुवायला लागले, विहिरीमागे, पहाटे. आपल्याला वाटलं, म्हातारपणी शिस्त आली. आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

यम्ना आणि पोरगी इनाया सलाम सांगतात. आम्ही राहतो इंग्लंड क्लस्टर नावाच्या वस्तीत, औषध चिनी आणि पोट कोकणी. बघू काय होतं.

तुझा
मोहिद्दीन

---

म्हसळा
९ फेब्रुवारी २०२५

मोहिद्दीन,

वालेकुम अस्सलाम. डबा मिळाला, पुड्या मिळाल्या. रिकाम्या तीस आमसुलांच्या पिशवीत तळाला आहेत. चिकटल्या असतील तर पुसून घे, तुझ्या अनन्याला म्हसळ्याचा वास यायला नको.

संध्याकाळी असरची नमाज झाली की घेते. कडू म्हणजे किती कडू. मुनिबा विचारते, काय पिता अम्मी? मी सांगते, गुडघ्याचं आहे. तिला सहावा लागलाय, तिच्यासमोर आतड्याबितड्याचं नाव काढायचं नाही असं मी ठरवलंय. फहद बोटीवर, सिंगापूरच्या पुढे कुठेतरी. घरात आम्ही दोघीच. तिच्या आईला येता येत नाही, तेव्हा बाळंतपण माझ्याच अंगावर. एप्रिलचं बघू. तू मला नमाजाच्या वेळा शिकवल्यासारखं दुर्बिणीच्या तारखा शिकवू नकोस, मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे.

तू घेत जा नेमानं. निम्म्या औषधानं तुला गुण येईल ना रे? हे विचारलंस का कुणाला? विचारायचं नाही हे मला समजतं, तरी विचारते.

तुला येऊन तीन वर्षं झाली. डबे मात्र वेळेवर येतात. मुनिबा म्हणते, मामूंचा चेहरा विसरले, निडोचा डबा ओळखते. पोरगी चावट आहे.

आमसुलांबरोबर सुकट आहे, यम्नाला सांग खिडकी उघडून भाज.

शहनाझ

---

इंटरनॅशनल सिटी
८ एप्रिल २०२५

आपा,

ईद मुबारक, उशिरानं. रमजानात सकाळची पुडी पहाटे सहरीला घेतली, एकही चुकवली नाही. हा तिसरा गठ्ठा.

तुला कडू लागते? मला आंबट आणि जरा मातकट लागते. ज्याचं त्याचं तोंड.

एक गंमत सांगतो. इनायानं माझा सहीचा कागद शोधून वाचला, बावीस पानं. सोळाची आहे, बायॉलॉजी घेतलंय, आता घरात डॉक्टर तीच. मला म्हणते, "अब्बू, यू डू नो इट कुड बी जस्ट फ्लोअर?" म्हणे निम्म्या लोकांना खरं औषध देतात आणि निम्म्यांना तसंच दिसणारं, तशाच चवीचं, नुसतं पीठ. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. शेवटी दोन्हीकडचे पॉलिप मोजून बघतात. अनन्यानंही पहिल्या दिवशी असं काहीतरी सांगितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष औषधाकडे होतं.

मी इनायाला म्हटलं, माझं पोट मला कळतं. पहिल्या आठवड्यापासून हलकं आहे, गॅस नाही, सकाळी साफ होतं. पिठानं असं होतं का? मला खरंच मिळालंय, आपा, पैजेवर सांगतो. ती म्हणाली, "दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स." सगळं इंग्रजीत सांगितलं की खरं वाटतं या पोरांना.

दर भेटीत अनन्या विचारते, दोन्ही वेळा घेता ना? मी हो म्हणतो. ती लिहून घेते. त्या वेळी मी भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे बघतो.

तुझी तारीख २२ एप्रिल. झुबेदाखालाला सोबत ने. झाल्याबरोबर कळव.

मोहिद्दीन

---

म्हसळा
२५ मे २०२५

मोहिद्दीन,

मुबारक, तू आजोबा झालास. मुलगा. रुहान नाव ठेवलंय. माणगावला सिझर करावं लागलं, मुनिबा अजून उठता-बसता कण्हते, पण बाळ गुटगुटीत आहे. फहदनं व्हिडिओवर पाहिलं आणि बोटीवर सगळ्यांना चहा पाजला म्हणे.

२२ एप्रिल आली आणि गेली. रागावू नकोस. पोरीचे दिवस भरत आलेले, तिला टाकून मी दोन दिवस मुंबईत आडवी पडू? आणि औषध चालूच आहे की. तूच म्हणतोस खरं आहे, पैजेवर. मग आणखी काय बघायचं दुर्बिणीतून? पावसाळा संपला की जाईन.

माझं बरं आहे. जरा थकवा वाटतो, तो जागरणाचा. या वयात पुन्हा लंगोट धुवायचे म्हणजे थकायला होणारच. खाल्लेलं अंगी लागत नाही, पण पूर्वी तूच म्हणायचास ना, आपा दारातून तिरकी जाते? आता सरळ जाते.

रिकाम्या पुड्या आंबोशीच्या पिशवीत आहेत. मोजून घे, बरोबर तीस.

शहनाझ

---

इंटरनॅशनल सिटी
३ ऑगस्ट २०२५

आपा,

२८ जुलैला माझी दुर्बीण झाली. काही नाही. एकही नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, आतडं गुलाबी, स्वच्छ. मी टेबलावरच रडलो. यम्नानं रोल्लाच्या बाजारातून दोन किलो मिठाई आणली आणि अख्ख्या मजल्यावर वाटली, खालच्या पठाण वॉचमनलाही दिली. इनायानं मिठी मारली, काही बोलली नाही. तीही कबूल झाली असं मी धरलं.

औषध लागू पडलं, आपा. ट्रायलचे सहा महिने संपले, आता पुड्या मिळणार नाहीत. पण ज्या अर्थी माझं स्वच्छ निघालं, त्या अर्थी तुझंही असणार. एकाच गठ्ठ्यातलं घेतलंय आपण.

हे पत्र इथेच संपवायचं होतं. पण मुश्ताक काल आला. चहा पिताना म्हणाला, मामू, आपा फार वाळल्यात. मी म्हटलं, बाळाची जागरणं. त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, अम्मी सांगत होती, आपा पहाटे विहिरीमागे कपडे धुतात. एकट्या. घरात मशीन असून.



रक्त जातंय का? सरळ लिही. हसून टाळू नकोस, गुडघ्याचं सांगू नकोस. कधीपासून जातंय, किती जातंय? फोन केला तर तू रुहानचं रडणं ऐकवतेस आणि ठेवून देतेस. उलट पत्री उत्तर दे आणि त्याच्या आधी मुंबईची तारीख घे. मी पाया पडतो तुझ्या.

मोहिद्दीन

---

म्हसळा
२९ ऑगस्ट २०२५

मोहिद्दीन,

आधी डबा उघड. तुझाच पहिला निडोचा डबा आहे, झाकणाला टेप मारलीय.

आत जी पूड आहे ती तुझ्या एकशे ऐंशी पुड्यांची आहे. चमचाभरही कमी नाही. पावसात दमट होऊ नये म्हणून तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवला होता. थोड्या गुठळ्या झाल्यात, फोडून घे.

मी एकही घेतली नाही. पहिली पुडी फोडली, वाटीत ओतली, आणि मनात आलं, डॉक्टरांनी ह्याला दोन सांगितल्यात आणि हा एकच घेतोय. निम्म्या औषधानं कोण बरं झालंय? परत पाठवल्या असत्या तर तू पुन्हा पाठवल्या असत्यास, तू अब्बांसारखा हट्टी आहेस. म्हणून फोडत गेले, साठवत गेले, रिकाम्या पाठवत राहिले. कडू लागते हे मनानं लिहिलं. औषध म्हटलं की कडूच असणार असं वाटलं.

रक्त फेब्रुवारीपासून जातंय. आधी थेंब. आता रोज, आणि कधीकधी उभी राहिले की डोळ्यांसमोर अंधार येतो. मला ठाऊक होतं, मोहिद्दीन. अब्बांची लुंगी मीही पाहिली होती. तू लहान होतास, मी नव्हते. तेव्हा मी ओळखलं होतं आणि कुणाला बोलले नव्हते, कारण त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली होती. ते आजवर तुला सांगितलं नाही.

दुर्बिणीला गेले असते तर त्यांनी ते तोंडावर सांगितलं असतं. मग फहद बोट सोडून आला असता, मुनिबानं आठव्या महिन्यात रडून घर डोक्यावर घेतलं असतं. आणि मी भ्याले. हे खरं कारण. बाकीचं सगळं त्याच्यावर घातलेलं पांघरूण आहे.

तुझं स्वच्छ निघालं हे वाचून मी शुकराना नमाज पढले. इतकी हलकी मी वर्षभरात झाले नव्हते. तुला निम्म्यातच गुण आला, तर ही पूड पुढचे सहा महिने पुरव. इनाया सोळाची आहे. माझं पोरगं मार्गी लागलंय, नातू मांडीवर आलाय. मला काही कमी नाही.

रागावू नकोस. अब्बा कापायचे तेव्हा लहान तुकडा नेहमी मीच उचलायचे. तू भांडायचास, तुझ्या लक्षात आलं नाही.

शहनाझ

---

इंटरनॅशनल सिटी
९ सप्टेंबर २०२५

आपा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहायच्या आधी मी मुनिबाला फोन केला. हो, सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मामू, उद्या सकाळची गाडी सांगते, तुम्ही मुंबईची वेळ घ्या." मी घेतलीय. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तू कदाचित निघालेली असशील. नसशील तर वाचता वाचता ऊठ.

आता माझं ऐक. पुरतं ऐक.

काल डबा घेऊन मी अनन्याकडे गेलो. टेबलावर ठेवला आणि सांगितलं, मी एकच वेळ घेत होतो, दुसरी पुडी बहिणीला पाठवत होतो, रिकाम्या पुड्या रायगडहून येत होत्या. मला वाटलं ती ओरडेल. ती टाईप करायची थांबली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, बहिणीची दुर्बीण कधी झाली? मी म्हटलं, झाली नाही. 

ती मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली. ते म्हणाले, तुम्ही ट्रायलमधून बाहेर, तुमची माहिती आता धरता येणार नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. मग म्हणाले, तुमची पुडी कसली होती हे एरवी कुणालाच सांगत नाही, पण आजारी माणसानं तिच्या भरवशावर तपासणी टाळली असेल तर तिच्या डॉक्टरांना कळायला हवं. त्यांनी फोन केले, नंबर सांगितला, थांबले. अर्ध्या तासानं मला सांगितलं.

पीठ होतं, आपा. मक्याचं पीठ, रंग आणि आंबटपणा. पहिल्या दिवसापासून.

खरं औषध चालतं की नाही ते अजून त्यांनाही ठाऊक नाही, तेच तर ते शोधताहेत. पण मला ते मिळालंच नव्हतं. माझं आतडं आपोआप स्वच्छ निघालं. डॉक्टर म्हणतात, कधीकधी होतं असं, पुढच्या वर्षी पुन्हा येतीलही. आणि मी तुला लिहिलं, औषध लागू पडलं. पैजेवर लिहिलं. सोळा वर्षांची पोर मला सांगत होती आणि मी तिला हसलो. तू पीठ घेतलं असतंस तरी तेच आणि साठवलंस तरी तेच. मी तुला वाटा दिला असं समजत होतो. मी तुला एप्रिल न पाळण्याचं निमित्त दिलं.

डबा परत आणला. यम्ना म्हणाली, टाकून द्या. माझ्यानं टाकवत नाही. तुझ्या हातानं फोडलेल्या एकशे ऐंशी पुड्या आहेत, चमचाभरही कमी नाही.

तुझ्या वाट्याचं मला काही नको आहे. अब्बांनी मान हलवली आणि तू गप्प राहिलीस. माझ्याकडे बघून तू मान हलवशील तर मी गप्प राहणार नाही. अख्ख्या म्हसळ्याला सांगेन, स्पीकर लावून सांगेन.

मुश्ताक आज दुपारच्या विमानानं निघतोय. पाकिटात हॉस्पिटलच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे, तिथल्या डॉक्टरांना दे. आणखी काय पाठवावं सुचेना, म्हणून अजवा खजूर ठेवलेत. घरात दुसरं काही नव्हतं.

मोहिद्दीन

---

मुंबई, हॉस्पिटलातून
२७ सप्टेंबर २०२५

मोहिद्दीन,

मुश्ताक विमानतळावर जाताना इथे थांबलाय, बाहेर बाकावर बसलाय, म्हणून हे थोडक्यात.

मुनिबा मला घेऊन आली. गाडीत एका हातात रुहान आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरलेला, जणू मी माणगावच्या नाक्यावर उतरून पळणार होते. मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू.

दुर्बीण झाली. दोन लहान होते, ते काढले. एक मोठा आहे, लिंबाएवढा, तो दुर्बिणीनं निघत नाही. तुकडा तपासायला पाठवला होता, काल कागद आला. बिघडलाय. ऑपरेशन करून आतड्याचा तेवढा भाग काढणार, सोमवारी, ६ ऑक्टोबरला. बाहेर पसरलाय की नाही ते पोट उघडल्यावर नीट कळेल. दोन बाटल्या रक्त चढवलं, आता उभी राहिले तर अंधार येत नाही. फहद पुढच्या बंदरात उतरून निघतोय. ज्याची भीती होती ते सगळं झालं आणि मी अजून बसून पत्र लिहितेय.

डॉक्टरांनी विचारलं, एप्रिलमध्ये का आला नाहीत? मी म्हटलं, माझी मर्जी. त्यांना तुझ्या पुड्यांचं सांगितलं नाही, चिठ्ठीत आहे तेवढं वाचलं त्यांनी. तू त्याचं ओझं घेऊन फिरू नकोस. पुडी आली नसती तरी मी गेले नसते, दुसरं काही कारण शोधलं असतं. असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही, पण तू हेच खरं धर.

पीठ होतं हे वाचून मी आधी हसले. शेजारच्या खाटेवरची बाई घाबरली. पावसाळाभर मी त्याला तांदळात पुरून जपलं, रुहानला त्या पिंपाजवळ जाऊ दिलं नाही. मग रडले. काल कागद आल्यापासून तर मधूनमधून रडतेय. मला जगायचंय, मोहिद्दीन. काही कमी नाही असं जे लिहिलं होतं ना, ते खोटं होतं. ह्या पोराला चालताना बघायचंय.

मुश्ताक विचारत होता, मामूंकडून परतीच्या खेपेला काय आणू? मी सांगितलं, काही नाही. निडो नको, खजूर नको, पत्रही नको. आयुष्यभर आधी अब्बांचे आणि मग तुझे डबे उघडले मी. अब्बाही शेवटच्या वर्षापर्यंत दुसऱ्यांच्या हाती पाठवतच होते.

सुटी मिळत नसेल तर भांड. शेठला माझं नाव सांग. सोमवारच्या आधी ये, मला आत नेतील तेव्हा दारात तू हवास. इनायाला आण, तिला काय समजतं ते मला मराठीत समजावू दे.

वाटेत काही घ्यायला थांबू नकोस. रिकाम्या हातानं ये.

शहनाझ